घर कुणाचं, ठरवणार कोण? किल्लारी, कच्छ आणि काश्मीरच्या भूकंपांनी दिलेला धडा

२१ मार्च २०२४. रमजानचा महिना होता. सहरी झाली, फज्रची नमाज आटोपली आणि हिंगोली, नांदेड, परभणी भागातले लोक जरा टेकले होते. सहा वाजून गेल्यावर जमीन हलली. भांडी खणखणली, पत्रे वाजले, माणसं पोराबाळांना घेऊन गल्लीत आली. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा एक धक्का. पहिला ४.५ रिश्टरचा, दुसरा ३.६ चा. अल्लाहची मेहरबानी, मोठं नुकसान झालं नाही. पण त्या दिवशी नांदेडच्या प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं: पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी पत्र्यावर दगड ठेवलेत, त्यांनी ते काढून घ्यावेत.

या एका वाक्यात भूकंपाचा निम्मा धडा आहे. जमीन हलल्याने माणूस सहसा मरत नाही. डोक्यावरचं पडतं, त्याने मरतो. आणि डोक्यावर काय ठेवायचं, हे आपल्या हातात असतं.

मराठवाड्यात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला धक्का बसला की एकच नाव आठवतं, किल्लारी. या लेखात किल्लारीत घरं का पडली, नंतर ती कशी बांधली गेली, कच्छ आणि काश्मीरमध्ये लोकांनी काय वेगळं केलं आणि आज आपल्या घरासाठी, आपल्या मोहल्ल्यासाठी त्यातून काय घ्यायचं, ते पाहू.

किल्लारीत घरं का पडली?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होऊन गाव नुकतंच झोपलं होतं. ६.२ रिश्टरचा भूकंप आला. आकडा जगाच्या हिशोबात फार मोठा नाही. तरीही लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, एकोंडी, राजेगाव अशी गावंच्या गावं बसली. कुठल्या धर्माचं, कुठल्या जातीचं घर, हे भूकंपाने पाहिलं नाही. ज्यांची भिंत कच्ची, ते गेले.

भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे घरांची बांधणी. या भागात दगड मुबलक. दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड भिंती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मधे दगडगोटे आणि चिखल. दिसायला किल्ला, पण दोन्ही थर एकमेकांना बांधलेले नाहीत. धक्का बसताच बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत झोपलेल्यांवर.

वरती माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा किलचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी थोडी माती टाकायची. आजोबाने टाकली, वडिलांनी टाकली, मुलाने टाकली. जुनी कुणी काढली नाही. असं करत छताचं वजन वाढत गेलं. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच छत त्या पहाटे ढिगारा झालं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. ज्या घरांत माळवद भिंतीवर नाही तर लाकडी खांबांवर तोललेलं होतं, जिथे खांब-तुळईचे सांधे पक्के होते, तिथे भिंती पडल्या तरी छत उभं राहिल्याची उदाहरणं त्याच गावांत होती. म्हणजे जुनं सगळं वाईट नव्हतं. जुन्यातलं काय मारतं आणि काय वाचवतं, हे वेगळं करायला हवं होतं.

विज्ञान अगदी सोपं आहे

एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर काय होतं? पाय गाडीबरोबर थांबतात, अंग पुढे जातं. भूकंपात घराचं तेच होतं. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचा भाग मागे राहू पाहतो. वरचा भाग जितका जड, तितका झटका मोठा. म्हणून पहिला नियम: वर हलकं ठेवा.

दुसरं. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या चार बाजू सुट्या उभ्या केल्या तर फुंकर मारली तरी पडतात. त्याच बाजूंना सुतळीचा वेढा घाला, खोकं धरून राहतं. घराच्या चार भिंतींनाही असा वेढा लागतो. जोत्याच्या पातळीवर, दार-खिडक्यांच्या वर लिंटेलच्या पातळीवर आणि छताखाली, चारही भिंतींवरून न तुटता फिरणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा. याला इंजिनिअर भूकंपरोधक पट्टा म्हणतात. घराच्या एकूण खर्चात याचा वाटा थोडा असतो, पण जीव वाचवण्यात मोठा असतो.

तिसरं. दगडी भिंतीत आतला आणि बाहेरचा थर जोडणारे आरपार दगड हवेत. लांबीत साधारण दर चार फुटांवर आणि उंचीत दर दोन फुटांवर एक. दगड मिळत नसेल तर गज घातलेला काँक्रीटचा तुकडाही चालतो. भारतीय मानक ब्युरोने दगडी आणि मातीच्या घरांसाठी अशी मानकं १९९३ मध्येच काढली आहेत. दगडाचं घर म्हणजे बेकायदा किंवा मागासलेलं घर, असं त्यात कुठेही नाही. नीट बांधा, एवढंच म्हणणं आहे.

५२ गावांचं स्थलांतर आणि दोन लाख घरांची दुरुस्ती

भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यात दोन वेगळे रस्ते होते आणि दोन्हींतून शिकण्यासारखं आहे.

पहिला रस्ता ५२ गावांचा. ही गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली होती. ती जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली. शेतजमिनीच्या हिशोबाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली. बरीच घरं बाहेरच्या संस्था आणि देणगीदारांनी बांधून दिली. त्यांच्या नियतीवर शंका घेण्याचं कारण नाही. त्या वेळी लोकांना छप्पर हवं होतं आणि ते मिळालं.

पण नकाशा शहरातल्या वसाहतीसारखा निघाला. सरळ रुंद रस्ते, ओळीत घरं. जुन्या गावात गल्ली होती, ओसरी होती, वाड्याच्या चौकात बायकांचं दळण-कांडण चालायचं, गुरं दाराशी बांधलेली असायची. नवं गाव पसरलं, शेत लांब गेलं, भाऊबंद आणि शेजारी विखुरले. सिमेंटच्या लहान खोलीत उन्हाळ्यात राहवेना. कणगी कुठे ठेवायची, चूल कुठे मांडायची, शेळ्या कुठे बांधायच्या? मग लोकांनी स्वतःच पुढे-मागे पत्रे आणि दगड-मातीच्या खोल्या काढल्या. त्यातल्या अनेकांत ना पट्टा, ना आरपार दगड. म्हणजे सुरक्षित घराला चिकटून पुन्हा तीच असुरक्षित भिंत उभी राहिली. चूक लोकांची होती का? घर आखताना त्यांना विचारलंच नव्हतं, तर त्यांनी तरी काय करावं.

दुसरा रस्ता कमी चर्चेतला आहे. हजाराहून अधिक गावांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः केलं. पैसे हप्त्यांनी, तांत्रिक मदत सरकारकडून. सुरुवातीला गाडा अडला. कागद कुठे द्यायचा, इंजिनिअर कधी येणार, सिमेंट किती वापरायचं, कुणालाच कळेना. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. या बायकांनी घरोघरी जाऊन माहिती दिली, काम कुठे अडलंय ते इंजिनिअरला सांगितलं, गवंड्याने पट्ट्यात गज घातला की नाही ते पाहिलं. ज्या बाईने कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारू लागली. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

कच्छ: लोकांनी ‘आम्ही इथेच राहणार’ म्हटलं

२६ जानेवारी २००१ ची सकाळ. कच्छमध्ये ७.७ रिश्टरचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार सुमारे १३ हजार ८०० माणसं गेली. सुरुवातीला तिथेही किल्लारीसारखं गावं उठवून दुसरीकडे वसवण्याची चर्चा झाली. पण बहुतेक गावांनी ठाम नकार दिला. शेवटी धोरण बदललं. घरमालकाला तीन हप्त्यांत पैसे, घर त्याने त्याच्या जागेवर, त्याच्या सोयीने बांधायचं. मात्र पुढचा हप्ता मिळण्याआधी इंजिनिअर येऊन पाहणार की पट्टे आणि गज नियमाप्रमाणे आहेत का. या पद्धतीने दोन लाखांहून अधिक घरांपैकी बहुसंख्य घरं उभी राहिली. निर्णय लोकांचा, तपासणी तज्ज्ञाची, अशी वाटणी होती.

कच्छच्या बन्नी भागात बहुतांश मुस्लिम पशुपालक कुटुंबं राहतात. त्यांचं पारंपरिक घर म्हणजे भुंगा. गोल खोली, मातीच्या जाड भिंती, वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे कोपऱ्यातून भिंत फाटण्याचा प्रश्न येत नाही. छप्पर हलकं, म्हणून झटका कमी. चांगले बांधलेले भुंगे त्या भूकंपात टिकले, शेजारची चौकोनी दगडी घरं पडली. याच भागाने १८१९ चा महाभूकंपही पाहिलाय. तेव्हा रणातली जमीन मैलोन्मैल वर उचलली गेली. लोकांनी त्या उंचवट्याला नाव दिलं ‘अल्लाह बंद’, म्हणजे अल्लाहने घातलेला बांध. भुजमध्ये भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या हुन्नरशाला या संस्थेने भुंग्याचा हाच गुण हेरला. स्थानिक कारागिरांना सोबत घेऊन दाबलेल्या मातीच्या भिंती आणि सुधारित भुंगे बांधले.

अजरख छपाई करणाऱ्या खत्री बिरादरीची गोष्टही सांगायला हवी. धमडका हे त्यांचं जुनं गाव. भूकंपात गाव पडलंच, शिवाय पाण्यातलं लोह वाढलं आणि रंग नीट बसेना. ज्या कारागिराचं पोट पाण्यावर, त्याला नुसतं घर देऊन काय उपयोग? समाजाने एकत्र बसून ठरवलं आणि भुजजवळ पाण्याची सोय पाहून नवं गाव वसवलं, अजरखपूर. डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांच्यासारखे नामवंत कारागीर या कामात पुढे होते. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली, त्यांनाही कुणी अडवलं नाही. स्थलांतर किल्लारीत झालं आणि इथेही झालं. फरक एवढाच की इथे जागा लोकांनी निवडली, आणि निवडताना छपराच्या आधी रोजीचा विचार केला.

काश्मीर: ‘धज्जी’ने वाचवलं

८ ऑक्टोबर २००५. तेव्हाही रमजान सुरू होता. ७.६ रिश्टरच्या भूकंपाने पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीर आणि खैबर पख्तुनख्वा भागात ७३ हजारांहून अधिक लोक गेले, आपल्या बाजूला उरी, तंगधार भागात तेराशेच्या आसपास. सकाळची वेळ, मुलं शाळेत होती. काँक्रीटच्या छताखाली हजारो मुलं गेली.

त्याच डोंगरात काही जुनी घरं उभी राहिली. त्यांना ‘धज्जी दिवारी’ म्हणतात. धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. गोधडी जशी तुकड्या-तुकड्यांची, तशी ही भिंत. लाकडाची चौकट, तिच्यात आडव्या, उभ्या, तिरक्या पट्ट्या आणि मधल्या लहान कप्प्यांत दगड-माती. धक्का बसला की कप्प्यातली माती तडकते, थोडी घासते, झटका तिथेच जिरतो आणि चौकट उभी राहते.

सुरुवातीला सरकारी यादीत विटा-सिमेंटचीच घरं मंजूर होती. पण सिमेंट डोंगरावर नेणं महाग, पाणी लांब. लोकांनी धज्जी बांधायला सुरुवात केली आणि शेवटी सरकारलाही तिला मान्यता द्यावी लागली. लाखभर कुटुंबांनी अशी घरं बांधली.

यास्मीन लारी या पाकिस्तानच्या पहिल्या महिला वास्तुविशारद. तोवर काच-काँक्रीटच्या मोठ्या इमारतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या लारी या भूकंपानंतर डोंगरातल्या लोकांसोबत कामाला लागल्या. माती, चुना, लाकूड आणि नंतर बांबू वापरून कमी खर्चात लोकांना स्वतः बांधता येतील अशी घरं त्यांनी शिकवली. २०२३ मध्ये ब्रिटनचं प्रतिष्ठेचं रॉयल गोल्ड मेडल त्यांना मिळालं. त्यांचा आग्रह साधा आहे: आपत्तीत सापडलेल्या माणसाला हात पसरायला लावू नका, त्याच्या हाताला काम द्या.

सिमेंट म्हणजे ताविज नव्हे

किल्लारीनंतर आपल्याकडे दगडाची भीती बसली. स्लॅब टाकला की झालं, असा समज पक्का झाला. पण ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला आणि ५० हजारांहून अधिक लोक गेले. तिथे बहुसंख्य लोक माळवदाखाली नाही, काँक्रीटच्या इमारतींखाली सापडले. नियम कागदावर चांगले होते. पण दंड भरून बेकायदा बांधकाम कायम करून देणारी माफी होती, हलकं काँक्रीट होतं, गजांची बांधणी चुकीची होती.

आपल्याकडे काय चित्र आहे? खाली दुकानासाठी मोकळं ठेवून बारीक खांबांवर वरती दोन मजले. इंजिनिअरचा सल्ला नाही, ठेकेदार म्हणेल तसं. किल्लारी १९९३ आधी देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ च्या नकाशात तो भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. नकाशा बदलला, घरं किती बदलली, हे ज्याने त्याने आपल्या छताकडे पाहून ठरवावं.

मदत करणाऱ्यांनी आधी काय विचारावं?

कुठेही आपत्ती आली की आपल्या जमाती, मस्जिद कमिट्या, तरुणांचे ग्रुप धावून जातात. जकात, सदका, इमदाद गोळा होते आणि काही ठिकाणी घरं बांधून देण्याचं ठरतं. तेव्हा कोनशिला बसवण्याआधी हे प्रश्न विचारा:

१. पडलेल्या घरातलं काय परत वापरता येईल? दगड, तुळया, दारं हीदेखील त्या कुटुंबाची मालमत्ता आहे. ढिगारा उचलून फेकला की ती गेली.

२. बायकांना वेगळं बसवून विचारलं का? चूल, पाणी, न्हाणी, पडदा, म्हातारी माणसं, बाळंतीण हे सगळं त्यांना माहीत असतं. पुरुषांच्या बैठकीत ते निघत नाही.

३. संडासाचं तोंड कुठे आहे? किब्ल्याच्या दिशेने केला तर मुस्लिम कुटुंब तो वापरणार नाही, त्यात लाकडं भरेल. बांधण्याआधी विचारलं तर एक पैसा जास्त लागत नाही.

४. रोजी कुठे आहे? शेत, माग, दुकान, शेळ्या, शाळा. घर त्यापासून लांब गेलं तर ते रिकामं पडतं.

५. पुढे खोली वाढवायची झाली तर कशी वाढेल? कुटुंब वाढणारच. वाढीव खोलीचा पट्टा आजच आखून द्या.

६. गावचे गवंडी, सुतार शिकले का? बाहेरचा ठेकेदार निघून जातो, शिकलेला गवंडी गावात राहतो.

७. भाडेकरू, विधवा, सातबारा नावावर नसलेले यांचं काय? यादीत सगळ्यांत आधी हेच सुटतात.

आपल्या घराचं आज काय करता येईल?

आपत्तीची वाट पाहायची गरज नाही. माळवद असेल तर साठलेली जास्तीची माती उतरवा आणि पाणी गळू नये म्हणून हलका उपाय करा. दगडी भिंत पोट काढत असेल, म्हणजे मधेच फुगली असेल, तर ती आतून दोन थरांत सुटतेय असं समजा आणि जाणकाराला दाखवा. अशा भिंतीला आरपार भोक पाडून, आकडा वाकवलेला गज घालून काँक्रीट भरता येतं. कोपऱ्यांना आणि भिंतीभोवती जाळी बसवून सिमेंटचा पट्टाही देता येतो. घर न पाडता होणारं हे काम आहे.

नवीन बांधत असाल तर दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब ठेवा. एका भिंतीत उघडी जागा निम्म्यापेक्षा कमी ठेवा. खांबातल्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत आणि सांध्याजवळ रिंगा जवळजवळ हव्यात. काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी मारा. आणि हो, पत्र्यावर दगड नको, पत्रा हुकने बांधा. कपाट भिंतीला ठोका, झोपायच्या जागेच्या वर जड सामान ठेवू नका.

किल्लारीत १९९२ मध्येही धक्के बसले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग पुन्हा आत गेले. वर्षभरात ती पहाट आली. हिंगोली-नांदेडच्या धक्क्यांनंतर तसंच होईल, असं कुणीही सांगू शकत नाही आणि उगाच भीती पसरवूही नये. पण वर्षभराची ती मोहलत तेव्हा हातातून निसटली, एवढं मात्र खरं. येत्या जुम्याला नमाजीनंतर मस्जिदीच्या आवारात गावातले दोन गवंडी, एक इंजिनिअर आणि घराघरांतल्या बायका यांना एकत्र बसवून मोहल्ल्यातल्या दहा जुन्या भिंती बघून घेतल्या, तरी काम सुरू होईल.